थेट बस मागावी की वरचेवर बस?



बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वह्या मिटल्या, की हमखास निघणारा विषय म्हणजे बस. कुणी म्हणतं, आमच्या वस्तीतून थेट स्वारगेटला बस हवी. कुणी म्हणतं, थेट मार्केट यार्डला हवी. मग आपण निवेदन लिहितो, सगळ्यांच्या सह्या घेतो. कधीकधी बस सुरूही होते. पहिल्या दिवशी नारळ फुटतो, हार घातला जातो. पण ती बस येते दीड-दीड तासाने. एक चुकली की पुढचीपर्यंत कोण थांबणार? बायका सहा आसनी रिक्षा धरतात, बस रिकामी धावते आणि काही महिन्यांनी 'प्रवासी मिळत नाहीत' म्हणून बंद होते.

असं का होतं? शहराची बस कशी आखतात, हे आज पुण्याच्या उदाहरणावरून समजून घेऊ. ते कळलं की निवेदनात नेमकं काय मागायचं, तेही कळेल.

आधी पार्श्वभूमी. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांच्या बस पूर्वी वेगळ्या होत्या, पीएमटी आणि पीसीएमटी. २००७ मध्ये दोन्ही एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी झाली. तिला येणारी तूट दोन्ही महापालिका भरून देतात, पुणे ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के. म्हणजे आपण घरपट्टी भरतो त्यातलाही वाटा या बसमध्ये आहे. बस मागणं हा आपला हक्कच आहे.

आता एक सोपं गणित करू. समजा एका मार्गावर बस जाऊन परत यायला दोन तास, म्हणजे १२० मिनिटं लागतात. त्या मार्गावर सहा बस आहेत. १२० ला ६ ने भागा. दर २० मिनिटांनी एक बस मिळेल. रस्त्यात कोंडी वाढली आणि फेरीला १५० मिनिटं लागू लागली, तर त्याच सहा बस २५ मिनिटांनी येतील. आणि बसला मोकळी वाट मिळून फेरी ९० मिनिटांत झाली, तर त्याच बस, तेच चालक-वाहक आणि थांब्यावर दर १५ मिनिटांनी गाडी. एकही नवी बस विकत न घेता!

बीआरटी म्हणजे बससाठी वेगळी लेन. ती करण्यामागे हाच विचार होता. पुण्यात २००६ मध्ये सातारा रस्त्यावर आणि हडपसरच्या बाजूला तिची सुरुवात झाली. पुढे २०१५ मध्ये संगमवाडी ते विश्रांतवाडी असा सुधारित मार्ग आला. नगर रस्त्यावरची लेन मात्र नंतर काढून टाकली. लेनमध्ये दुचाकी, रिक्षा, मोटारी घुसल्या की बस पुन्हा गर्दीत अडकते आणि मग लोकांना वाटतं, ही लेन काय कामाची? बसची लेन काढली तर मोटारीला थोडी जागा मिळते, पण थांब्यावर उभ्या असलेल्या बाईची दहा मिनिटं जातात. तिची दहा मिनिटं कुणी मोजत नाही.

आणखी एक अनुभव तुम्हा सगळ्यांचा असेल. अर्धा-पाऊण तास बस नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन पाठोपाठ. आपण म्हणतो, ड्रायव्हर चहा पीत बसले होते. बहुतेक वेळा तसं नसतं. पहिल्या बसला सिग्नलवर पाच मिनिटं उशीर झाला, की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमतात. ती चढायला-उतरायला वेळ लागतो, बस आणखी मागे पडते. मागच्या बसला माणसंच कमी मिळतात, ती भरभर येऊन पहिलीला गाठते. म्हणून सुटण्याची वेळ पाळून भागत नाही, दोन बसमधलं अंतर वाटेतही सांभाळावं लागतं. बसला जीपीएस असतं ते यासाठीही वापरता येतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. थेट बस की वरचेवर बस? समजा वस्तीतून थेट बस आहे, पण तासाला एक. कधीही थांब्यावर गेलात तर सरासरी अर्धा तास थांबावं लागेल. प्रवास ४० मिनिटांचा. झाले ७० मिनिटं. दुसरी सोय अशी, की वस्तीतून मुख्य रस्त्यापर्यंत दर दहा मिनिटांनी लहान बस आणि मुख्य रस्त्यावर दर दहा मिनिटांनी मोठी बस. पाच मिनिटं थांबणं, १५ मिनिटं प्रवास, पुन्हा पाच मिनिटं थांबणं, २५ मिनिटं प्रवास. झाले ५० मिनिटं. गाडी बदलूनही वीस मिनिटं वाचली.

तुम्ही म्हणाल, थेट बसची वेळ पाठ करून निघू की! जाताना जमेल. पण येताना? कामाच्या घरी बाई म्हणाल्या, 'एवढी भांडी घासून जा', दवाखान्यात नंबर लांबला, की गेली बस. आपला दिवस आपल्या हातात नसतो, म्हणून वरचेवर बसची गरज आपल्यालाच जास्त.

स्पेनमधल्या बार्सिलोना शहराने २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने आपले बसमार्ग असेच बदलले. वळणावळणाचे मार्ग कमी करून २८ सरळ मुख्य मार्ग आखले. एक गाडी बदलली की शहरात बहुतेक कुठेही जाता यावं, हा हेतू. तिथे तिकीटही तसं आहे. एकदा काढलं की सव्वा तासात बस किंवा मेट्रो बदलता येते.

तिकिटाचा मुद्दा आपल्याकडे महत्त्वाचा आहे. १ जून २०२५ पासून पीएमपीएमएलचे दर बदलले. पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये, दहापर्यंत २०, पंधरापर्यंत ३०. आता बघा, बारा किलोमीटर एकाच बसने गेलात तर ३० रुपये. तेच अंतर सहा-सहा किलोमीटरच्या दोन बसने गेलात तर २० आणि २०, म्हणजे ४०. जाऊन-येऊन वीस रुपये जास्त. दिवसाचा पास ७० रुपयांचा. पण आपल्यापैकी अनेकींच्या फेऱ्या लहान असतात. दहा-दहाच्या चार फेऱ्या केल्या तर ४० रुपयेच होतात, पास परवडत नाही. म्हणून गाडी बदलायला लावायची असेल, तर बदलल्याचा भुर्दंड नको. एकाच तिकिटात ठरावीक वेळेपर्यंत दुसरी बस मिळावी, ही मागणी वरचेवर बसच्या मागणीबरोबरच करायला हवी.

बायकांचा प्रवास वेगळा असतो, हेही सांगावं लागेल. ऑफिसला जाणारा माणूस सकाळी जातो, संध्याकाळी येतो. आपण मुलाला शाळेत सोडतो, तिथून कामाला, दुपारी बँकेत, येताना भाजी. भाजी विकणारी ताई पहाटेच मार्केट यार्ड गाठते. वेळापत्रक मात्र सकाळ-संध्याकाळच्या गर्दीवर बेतलेलं असतं. पुण्यात ८ मार्च २०१८ ला महिलांसाठी तेजस्विनी बस सुरू झाल्या. गर्दीत अंग चोरून उभं राहावं लागत नाही, हा त्यांचा मोठा उपयोग. पण पहाटे आणि दुपारी साधी बसच कमी असेल, तर तो प्रश्न वेगळाच सोडवावा लागेल.

गाडी बदलणं सगळ्यांना सोपं नसतं, हे मान्य. गुडघे दुखणाऱ्या मावशी, कडेवर मूल, हातात टोपली. म्हणून बदलायचा थांबा त्याच ठिकाणी हवा. रस्ता ओलांडायला लागू नये, वर छप्पर, बसायला बाक आणि रात्री दिवा असावा. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटला भुयारी मेट्रो येते. एसटी स्टँड आणि पीएमपीएमएलच्या बसही तिथेच. पण मेट्रोतून उतरून बसपर्यंत चालत जाणं सोपं असेल, तरच तिचा आपल्याला उपयोग.

मग गटाने काय करावं? एक वही घाला. दहा जणींनी सहा दिवस, जाताना आणि येताना, पाच गोष्टी लिहायच्या: थांब्यावर किती वाजता आलो, कोणता नंबर हवा होता, बस किती वाजता आली, थांबली का, चढायला जागा होती का. आठवड्यात १२० नोंदी होतील. 'बस वेळेवर येत नाही' या वाक्यापेक्षा 'दुपारी १२ ते ३ मध्ये आम्ही सरासरी इतकी मिनिटं थांबलो' हे वाक्य डेपोत नीट ऐकलं जातं.

ज्याचं काम त्याच्याकडे न्या. वेळापत्रक आणि फेऱ्यांसाठी पीएमपीएमएलच्या डेपो व्यवस्थापकांकडे. पदपथ आणि दिव्यासाठी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात. थांब्यापुढे गाड्या लागत असतील तर वाहतूक पोलिसांकडे. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, पोच वहीतच चिकटवा.

पुढच्या बैठकीला कर्जाच्या वहीबरोबर ही वहीही काढा. निवेदनात पहिली ओळ अशी लिहा: आमच्या थांब्यावर पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत दर दहा मिनिटांनी बस हवी.