सेकंदाला शंभर वेळा शून्य

सारसोळे गावात हळदीच्या रात्री ढोलकीची थाप स्पीकरमधून थेट छातीवर आदळते. त्या थापेतली ताकद गाण्यातून येत नाही, भिंतीतल्या प्लगमधून येते. गाण्याचा क्षीण संकेत फक्त हुकूम सोडतो. ॲम्प्लिफायर त्या हुकमानुसार वीज मोजून स्पीकरला देतो. म्हणून वीजपुरवठ्याचा भाग जसा बांधलेला, तसा आवाज.

आणि ही वीज अखंड नसतेच. २३० व्होल्ट हा हिशेबाचा आकडा. प्रत्यक्षात दाब ३२५ व्होल्टपर्यंत चढतो, शून्यावर येतो, उलट दिशेने पुन्हा तेवढाच जातो. असे सेकंदाला ५० फेरे. म्हणजे दर सेकंदाला १०० वेळा प्लगमध्ये काहीच नसतं! ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिडही या ठेक्यात आली. आज चार लाख मेगावॉटहून अधिक क्षमतेचा देश याच एका लयीवर चालतो.

दोन शिखरांमधलं अंतर १० मिलिसेकंद. तेवढा वेळ गाणं कपॅसिटरमधल्या साठ्यावर तगतं. पाणी तासभर येतं आणि गच्चीवरची टाकी दिवस काढते, तसंच हे. ५० व्होल्टला भरलेल्या १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये साठते अवघी १२.५ ज्यूल ऊर्जा. १०० वॉटच्या बल्बला ती सेकंदाचा आठवा भाग पुरेल.

आता मागणी पाहा. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॉटवरच घर भरून टाकतो. पण थाप सरासरीपेक्षा २० डेसिबलने उसळली, की त्या क्षणी १०० पट ताकद लागते. ८ ओहमच्या स्पीकरवर १०० वॉट म्हणजे ४० व्होल्टचं शिखर आणि ५ अँपिअर. एवढा प्रवाह १० मिलिसेकंद सलग ओढला, तर त्या कपॅसिटरचा दाब ५ व्होल्टने उतरतो. ४५ उरतात, थाप कशीबशी मावते. ४ ओहमच्या स्पीकरला १० अँपिअर लागतात, दाब ४० वर येतो, जरासुद्धा वाव उरत नाही आणि थापेचं टोक छाटलं जातं. पैसे वाचवायला १,००० मायक्रोफॅरड बसवले असतील, तर ५ अँपिअरलाच हिशेबाने सगळे ५० व्होल्ट संपतात!

साठ्यातली ही चढउतार गळून आवाजात आली, तर १०० हर्ट्‌झची घरघर ऐकू येते. पांढरी पाचच्या तानपुऱ्याचा खर्ज ९८ हर्ट्‌झचा. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे पडतात आणि लावलेला तानपुरा बेसूर वाटू लागतो. नव्या एसएमपीएस पद्धतीच्या वीजपुरवठ्यात विजेची उघडझाप सेकंदाला लाखभर वेळा होते, कानाच्या २०,००० हर्ट्‌झच्या मर्यादेपार. त्यामुळे छोट्या कपॅसिटरवर भागतं. मात्र मोठ्या थापेला लागणारा साठा तिथेही हवाच.

खोक्यावरच्या ‘५,००० वॉट पीएमपीओ’ या क्षणिक ताकदीच्या दाव्याला भुलू नये. ६ अँपिअरच्या प्लगमधून सलग निघतात जास्तीत जास्त १,३८० वॉट. दुकानात विचारावं ते एवढंच: ८ ओहमवर सलग किती वॉट, आणि ४ ओहमवर किती? दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीजवळ असेल, तर वीजपुरवठा खंबीर आहे.