कझिन बेटावरील वटवट्यांचें कुटुंब

हिंदी महासागरांतील सेशेल्स द्वीपसमूहांत कझिन नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम सत्तर एकर. सेशेल्स वटवट्या हा चिमणीहूनहि हलका, तपकिरी आणि दिसावयास अगदीं सामान्य पक्षी एके काळीं जगांत फक्त येथेंच उरला होता. खोबऱ्यासाठीं बेटभर नारळ लावल्यामुळें मूळचें रान गेलें, पानांखालचे किडे गेले, आणि १९६८ च्या सुमारास या जातीचे तीस पक्षीहि राहिले नव्हते. त्या वर्षीं आंतरराष्ट्रीय पक्षिसंरक्षण मंडळानें बेट विकत घेतलें व पुढें नारळ काढवून रान वाढूं दिलें. पक्ष्यांची संख्या तीनशेंच्या वर गेली.

बेट मात्र होतें तेवढेंच राहिलें. प्रत्येक झाडावर कोणा ना कोणा जोडप्याची मालकी लागली आणि वयांत आलेल्या पिलांना बिऱ्हाड थाटावयास जागा उरली नाहीं. अशीं पिलें, त्यांतहि विशेषतः लेकी, आईबापांच्याच हद्दींत राहूं लागलीं. घरट्यांत बहुधा अंडें एकच. थोरली बहीण तें उबविते, राखते व पिलाला किडे भरविते. याला निव्वळ परोपकार म्हणणें भाबडेपणाचें होईल. त्याच घरट्यांत ती कधीं कधीं आपलेंहि अंडें घालते. पदच्युत झालेली आईसुद्धां क्वचित् तेथेंच राहून नातवंडांना भरविते.

परंतु किडे थोडे असतील तर हीच लेक घरावर भार होते. यान कोमडूर या डच शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, पक्षिणी जणू हा हिशेब अंडें घालण्यापूर्वींच करतात. निकृष्ट हद्दींतील पिलांत शेंकडा ७७ नर निघाले, तर समृद्ध हद्दींत अवघे १३. निकृष्ट जागेंतील जोडपीं समृद्ध जागीं नेतांच त्यांना मुली होऊं लागल्या!

एका बेटाच्या भरंवशावर सारी जात ठेवणें धोक्याचें होतें. एक वादळ किंवा जहाजांतून उतरलेले उंदीर तिचा शेवट करूं शकले असते. म्हणून १९८८ सालीं २९ पक्षी आरिद बेटावर सोडण्यांत आले. तेथें जागा मुबलक, किडेहि विपुल. तेव्हां तरुण पक्ष्यांनीं आईबापांचें घर सोडून लगेच स्वतंत्र संसार मांडले. पुढें चांगल्या जागा भरत आल्या, तशा तेथेंहि थोरल्या लेकी आईच्या घरट्याशीं पुन्हा दिसूं लागल्या.