सतरावा भाग उघडायची हिंमत

शेवटचा भाग महिनाभर कपाटात पडून होता. आधीचे सोळा भाग मी डिक्शनरी मांडीवर घेऊन, रात्री जागून संपवले. सतरावा हातात घेतला की मात्र वाटायचं, आज नको बाबा! जपानीच्या क्लासमधल्या मैत्रिणीने आधीच दम दिला होता, ‘‘ऑफिस असेल त्या दिवशी वाचू नकोस.’’

मांगाचं नाव ‘काझे तो कि नो उता’, म्हणजे वारा आणि झाडांचं गाणं. लेखिका आणि चित्रकार केइको ताकेमिया. मुलग्यांमधल्या प्रेमाच्या ज्या मांगांना आज ‘बॉइज लव्ह’ किंवा बीएल म्हणतात, त्यांची ही आजीच म्हणा ना. १९७६ ते १९८४ अशी आठ वर्षं ती चालली, तीही मुलींच्या नियतकालिकांत! ताकेमियाच्या डोक्यात ही गोष्ट १९७० पासून होती. पण दोन मुलग्यांची प्रेमकथा छापायला संपादक तयार नव्हते. मग पठ्ठीने आधी ‘फारोचं थडगं’ ही मालिका लोकप्रिय करून दाखवली आणि नंतर हिच्यासाठी जागा मिळवली. १९७९ चा शोगाकुकान मांगा पुरस्कारही तिला मिळाला.

(पुढे शेवट सांगितलाय. नको असेल त्यांनी पान उलटावं.)

काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. दक्षिण फ्रान्समध्ये आर्लजवळ मुलग्यांची एक बोर्डिंग शाळा. सर्ज तिथे नवा. वडील व्हायकाउंट, आई जिप्सी, त्यामुळे सावळ्या रंगावरून टोमणे ठरलेले. त्याचा रूममेट जिल्बेर देखणा, उद्धट आणि आतून पार मोडलेला. ओग्युस्त नावाच्या ‘काका’ने लहानपणापासून त्याचं शोषण केलंय आणि यालाच प्रेम म्हणतात, असं त्याच्या मनावर बिंबवलंय. हा काका खरं तर त्याचा बाप आहे. बीएल म्हणजे गुलाबी गोडवा, असं समजून कोणी हे हातात घेऊ नका.

अखेर दोघं पळून पॅरिसला येतात. आपल्या सिनेमात पळून आलेल्या जोडीला एक खोली, एक स्टोव्ह आणि एक गाणं पुरतं. ताकेमिया मात्र रोजच्या जगण्याचा हिशेब मांडते. घरदार सोडून आलेला सर्ज कामाला जुंपतो. जिल्बेरला काम करणं कोणी शिकवलेलंच नाही. आपलं शरीर हीच आपली किंमत, एवढंच त्याला ठाऊक. तो अफूच्या आणि नको त्या माणसांच्या तावडीत सापडतो. शेवटी नशेत त्याला समोरच्या घोडागाडीत ओग्युस्त दिसतो. तो धावतो आणि चाकांखाली जातो.

गाडीत ओग्युस्त नसतोच. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. शाळा सुटली, गाव सुटलं, पण तो माणूस जिल्बेरच्या डोक्यातून निघालाच नाही. सर्जचं प्रेम कुठेही कमी पडलेलं नाही. पण ते एकटं पुरणारं नव्हतं. मित्र त्यांना शोधत येतात आणि सर्जला सावरतात. जिल्बेरसाठी मात्र उशीर झालेला असतो.

कॉलेजात असताना मीही एका मैत्रिणीला मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, ‘‘तू त्याला सोडून ये, बाकी मी बघते.’’ ती माझ्या रूमवर आली. दोन महिन्यांनी परत त्याच्याकडे गेली. मी इतकी भडकले की बोलणंच टाकलं. एवढं केलं तिच्यासाठी, आणि ही बया...

सतरावा भाग मी शनिवारी रात्री संपवला. रविवारी सकाळी तिला फोन लावला. आधी दोघीही गप्प. मग ती म्हणाली, ‘‘सुटले गं मी. पण तिसऱ्या वेळेला.’’

मधल्या दुसऱ्या वेळेला मी कुठे होते, हे तिने विचारलं नाही.