ओळ नसलेला खेळाडू

तिबो कुर्तुआने जपानचा कॉर्नर हवेतच पकडला. ही एक ओळ. चार पावलं पळत येऊन त्याने चेंडू जमिनीवरून डी ब्रुइनकडे सोडला. दुसरी ओळ. डी ब्रुइनने तो घेतला, तिसरी. मधली रेषा ओलांडून पुढे नेला, चौथी. उजवीकडे मुनियेला दिला, पाचवी. मुनियेने तो गोलसमोरून आडवा सोडला आणि डावीकडून आलेल्या नासेर चाडलीने जाळ्यात ढकलला. २ जुलै २०१८, रोस्तोव, विश्वचषकाच्या बाद फेरीतला सामना, ९४वं मिनिट. दोन गोलांनी मागे पडलेला बेल्जियम ३-२ ने जिंकला.

या दहाएक सेकंदांच्या नोंदीतल्या ओळी मी रात्री उशिरा लॅपटॉपवर वाचत होते आणि त्यात एक नाव शोधत होते. रोमेलू लुकाकूचं. सामना पाहिला तेव्हापासून हा गोल माझ्या डोक्यात त्याचाच म्हणून बसला आहे. ओळी दोनदा वर-खाली केल्या. नाव नव्हतं.

व्हिडिओ लावला. डी ब्रुइन चेंडू घेऊन निघतो तेव्हा लुकाकू त्याच्या पुढे पळतोय. तो सरळ पळत नाही, तिरका आत घुसतो. त्याच्यामागे जपानचा बचावपटूही आत ओढला जातो आणि उजवी कड मोकळी होते. त्याच मोकळ्या जागेत मुनिये येतो. मग मुनियेचा पास गोलसमोर येतो. लुकाकू नेमका त्याच्या वाटेत आहे. सगळं मैदान धरून चालतं की हा आता मारणार. तो पाय उचलतो आणि चेंडू जाऊ देतो. त्याला थोपवायला आलेला खेळाडू तिथेच गुंततो आणि मागे चाडली एकटा उरतो. लुकाकूने या गोलसाठी दोन कामं केली आणि दोन्ही वेळा त्याचा चेंडूला स्पर्श झाला नाही. स्पर्श नाही म्हणून ओळ नाही, आणि ओळ नाही म्हणून गुण नाहीत.

त्या विश्वचषकाच्या सगळ्या ६४ सामन्यांची नोंद स्टॅट्सबॉम्ब या कंपनीने कुणालाही वापरता येईल अशी मोफत खुली केली आहे. एका सामन्याच्या तीन हजारांहून जास्त ओळी, म्हणजे स्पर्धेच्या दोन लाखांच्या वर. प्रत्येक ओळीत मिनिट, सेकंद, खेळाडूचं नाव, त्याने काय केलं आणि कुठे केलं. मैदान कितीही लांबी-रुंदीचं असो, नोंदीत ते १२० बाय ८० चं धरलेलं असतं. पासच्या ओळीत चेंडू कुठून निघाला आणि कुठे पोचला, शॉटच्या ओळीत तो गोल होण्याची शक्यता किती होती. हे कॅमेरा किंवा यंत्र आपोआप लिहीत नाही. पडद्यासमोर बसलेली माणसं सामना थांबवत, मागे घेत, एकेक स्पर्श टिपतात. हा पास होता की चेंडू नुसता दूर सारला? हा टॅकल की अडवणूक? हे कुणाला तरी दर दोन सेकंदांनी ठरवावं लागतं. एकदा मीही एका सामन्याचा पहिला हाफ स्वतः टिपून पाहिला. ४५ मिनिटांच्या खेळाला मला दोन रविवार लागले. तेव्हापासून या ओळींकडे मी आदराने पाहते.

मला करायचं होतं ते साधं होतं. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचला मिळाला, परीक्षकांच्या मतांनी. मला स्पर्धेतल्या प्रत्येक खेळाडूला कामाप्रमाणे गुण द्यायचे होते आणि पाहायचं होतं की मॉड्रिच तिथेच राहतो का.

नुसते गोल मोजून भागत नाही हे लगेच कळतं. इंग्लंडच्या हॅरी केनने सहा गोल करून गोल्डन बूट घेतला. त्यातल्या तीन पेनल्टी होत्या. पनामाविरुद्धचा एक तर त्याच्याच संघातल्या लॉफ्टस-चीकचा फटका त्याच्या टाचेला लागून वळला आणि आत गेला. टाचेवरच्या त्या गोलची ओळ केनच्या नावावर आहे आणि ती चूक नाही. नियम तोच आहे. कोलंबियाचा बचावपटू येरी मिना तीन सामने खेळला आणि तीन गोल केले, तिन्ही डोक्याने. ९० मिनिटांमागे किती गोल, असं मोजलं तर मिना जवळजवळ सगळ्या फॉरवर्ड्सच्या वर जाऊन बसतो. तो उत्तम बचावपटू आहे, पण तीन सामन्यांवरून तो जगातला सर्वांत धोकादायक आक्रमक ठरत नाही. त्या विश्वचषकात अर्धे संघ तीन सामन्यांनंतर घरी गेले, म्हणजे जास्तीत जास्त २७० मिनिटं. एवढ्याशा खेळावरचा आकडा जोरात उडतो. म्हणून कमी मिनिटांच्या खेळाडूचे गुण सरासरीकडे ओढून घ्यावे लागतात. जितकी मिनिटं कमी, तितकी ओढ जास्त.

भागाकार विसरला की काय होतं याचं जुनं उदाहरण फुटबॉलची आकडेमोड करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ब्रिटिश हवाई दलातला चार्ल्स रीप हा हिशेबनीस १९५० मध्ये स्विंडनच्या एका सामन्याला पेन्सिल-वही घेऊन बसला आणि पुढे आयुष्यभर पास मोजत राहिला. १९५८ चा ब्राझील-स्वीडन अंतिम सामना त्याने भिंतीला लावायच्या कागदाच्या गुंडाळीवर टिपला. त्याला दिसलं की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासनंतर होतात. म्हणून त्याने सांगितलं, चेंडू लांब मारा. पण फुटबॉलमधल्या बहुतेक चालीच मुळात तीन पासच्या आत संपतात, गोल होवो न होवो. मोजणी खरी होती, कशाला भागायचं ते चुकलं. त्या गुंडाळीचा विचार आला की मला त्याच्या चुकीपेक्षा त्याची चिकाटी आधी आठवते.

माझी पद्धत अशी. मैदानाचे ९६ चौकोन केले. त्याच स्पर्धेच्या ओळींवरून काढलं की एखाद्या चौकोनात चेंडू असताना पुढच्या काही स्पर्शांत गोल होण्याची शक्यता किती. स्वतःच्या गोलजवळच्या चौकोनात ती जवळपास शून्य, समोरच्या गोलच्या तोंडाशी सर्वांत जास्त. खेळाडूने चेंडू कमी किमतीच्या चौकोनातून जास्त किमतीच्या चौकोनात नेला, पास देऊन किंवा स्वतः पळत, तर मधला फरक त्याचा. चेंडू गमावला तर वजाबाकी. शॉटला वेगळा हिशेब: पेनल्टीची शक्यता साधारण ०.७८ धरली, तर गोल झाल्यावर मारणाऱ्याला उरलेले ०.२२ मिळतात आणि चुकल्यावर ०.७८ जातात.

इथे मी मॉड्रिचवर अडले.

१ जुलै, निझनी नोव्हगोरोद, क्रोएशिया-डेन्मार्क. पहिल्या चार मिनिटांत १-१ झालं आणि मग जादा वेळेपर्यंत तसंच राहिलं. ११० मिनिटांहून जास्त पळून झाल्यावर मॉड्रिच मैदानाच्या मध्यातून एक पास सोडतो, बचावाच्या मधल्या फटीतून, आन्टे रेबिचच्या पुढ्यात. रेबिच गोलकीपरलाही वळसा घालतो. समोर रिकामा गोल. तेवढ्यात मागून योर्गेनसेन त्याला पाडतो, तोच, ज्याने पहिल्या मिनिटाला डेन्मार्कचा गोल केला होता. पेनल्टी. मॉड्रिचच मारतो आणि डेन्मार्कचा गोलकीपर कॅस्पर श्मायकल अडवतो.

माझ्या शीटमध्ये या दोन मिनिटांचं असं झालं: मॉड्रिच, पास, यशस्वी, चौकोनांच्या फरकाएवढे थोडे गुण. रेबिच, फाउल मिळवला. मॉड्रिच, शॉट, अडवला, उणे ०.७८. शॉटआधीच्या पासला वेगळे गुण असतात, पण रेबिचला शॉट मारताच आला नाही, त्याला पाडलं. म्हणून स्पर्धेतल्या सर्वांत सुंदर पासांपैकी एक माझ्या हिशेबात बाजूला दिलेल्या कुठल्याही पाससारखा मोजला गेला. पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये मॉड्रिच पुन्हा चालत आला, पुन्हा त्याच श्मायकलसमोर, आणि गोल केला. क्रोएशिया जिंकला. शूटआउटच्या ओळी नोंदीत वेगळ्या विभागात असतात. पहिल्या वेळी मी त्या काढायला विसरले होते आणि सगळ्या पेनल्टी मारणाऱ्यांचे गुण फुगले होते. काढल्यावर हिशेब बरोबर झाला, पण मॉड्रिचचं ते दुसऱ्यांदा चालत येणंही गेलं.

मी दोन रात्री हा नियम बदलण्यात घालवल्या. ज्या पासवरून थेट पेनल्टी मिळते त्याला शॉटआधीच्या पासएवढाच मान द्यायचा, असं ठरवलं. मग सगळ्या ६४ सामन्यांतल्या पेनल्टी एकेक करून पाहिल्या, कुठे खरंच पासमुळे मिळाली आणि कुठे हाताला चेंडू लागून. एका खेळाडूवरचा अन्याय काढायला नियम बदलला, तर तो सगळ्यांना लागू झाला पाहिजे. आवडत्या माणसापुरती सूट देता येत नाही. या कामातलं सगळं इमान तिथेच आहे असं मला वाटतं. मॉड्रिच वर आला. स्पर्धेत तो ६९४ मिनिटं खेळला, सलग तीन सामने जादा वेळेत गेले, आणि मिनिटांच्या ओढीचा त्रास त्याला झाला नाही.

यादी तयार झाल्यावर मी ती मामाला दाखवली. मामा कोल्हापूरचा, तरुणपणी तालमीच्या टीममध्ये बॅक खेळायचा. शाहू स्टेडियमवर पेठेपेठेच्या टीमचे सामने तो आजही चुकवत नाही. त्याने वरची नावं पाहिलीच नाहीत. खाली सरकत गेला आणि ऑलिव्हिए जिरूवर बोट ठेवलं.

"हा एवढा खाली?"

मी सांगितलं, की अख्ख्या स्पर्धेत त्याचा एकही शॉट नेमात गेला नाही. गोल शून्य.

"आणि टीम?"

"फ्रान्स. चॅम्पियन."

"मग त्याला सातही मॅच का खेळवला गं?"

मी फ्रान्स-पेरू लावला. जिरू चेंडू मारतो, तो बचावपटूला लागून वर उडतो, गोलकीपरच्या डोक्यावरून खाली येतो आणि एम्बापे रेषेजवळून आत ढकलतो. ओळ एम्बापेची. मामाने ते फार मनावर घेतलं नाही. तो दुसरंच पाहत होता. मध्येच म्हणाला, थांबव. पडद्यावर चेंडू दूर कडेला होता. मामाचं बोट मधोमध, जिरूच्या पाठीवर.

"ह्याला पाठीवर माणूस घेऊन उभं राहायला येतंय बघ. असला फॉरवर्ड म्हंजे बॅकचा दिवस खराब. सोडता येत न्हाई, आणि धरून ठिवला की मागनं दुसरा सुटतोय."

वर्षानुवर्षं असल्या माणसांना धरून उभा राहिलेला बॅक हे सांगत होता. मी लाख ओळी वाचल्या होत्या आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण मी चेंडूबरोबर फिरत होते. नोंदीत बचावातल्या दबावाची ओळ असते. समोरच्यावर धावून गेलात तर चेंडूला पाय न लागताही नाव येतं, आणि त्यामुळे फ्रान्सच्या मधल्या फळीतल्या कान्टेसारख्याचं बरंचसं काम पकडलं जातं. हल्ल्यात जागा मोकळी करणाऱ्या धावेला मात्र ओळ नाही. शॉटच्या क्षणी कोण कुठे उभं होतं त्याचं एक स्थिर चित्र मिळतं. चाडलीच्या गोलच्या चित्रात लुकाकू एक ठिपका म्हणून सापडला. पण ठिपका उभा असतो, त्याने काय केलं ते सांगत नाही. २०२२ च्या विश्वचषकासाठी प्रत्येक घटनेच्या वेळची आजूबाजूच्या खेळाडूंची जागाही खुल्या नोंदीत आली. २०१८ ला ती नाही, आणि मला २०१८ च हवा होता.

म्हणून एक नवा रकाना केला: चेंडूविना. तो कुठल्याही नोंदीत नाही, तो डोळ्यांनीच भरायचा. एकटीने भरला तर तो माझ्या आवडीनिवडीचा होईल, म्हणून मामाला सोबत घेतलं. गोलपर्यंत किंवा पेनल्टीपर्यंत गेलेली चाल लावायची, दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचं: कोणाच्या धावेने कोणाची जागा मोकळी झाली. एकमेकांचं बघायचं नाही. दोघांच्या कागदावर तेच नाव असेल तरच रकान्यात एक गुण. मामा पेन्सिल कानावर ठेवून बसतो आणि चाल संपेपर्यंत बोलत नाही.

रोस्तोवच्या चालीला आम्ही दोघांनी लुकाकूचं नाव दोन-दोनदा लिहिलं. माझ्या शीटमध्ये त्या गोलसाठी त्याची ती पहिली ओळ आली.

जुळतंच असं नाही. आतापर्यंत निम्म्याच चालींत आमचे कागद जुळलेत. स्पर्धेतले १६९ गोल आणि त्यावर चुकलेल्या पेनल्टी, म्हणजे काम अजून पुष्कळ आहे. गेल्या रविवारी निझनी नोव्हगोरोदचा तो पास लावला होता. मामाच्या कागदावर रेबिच: रेबिच आधी सुटला, म्हणून मॉड्रिचला पास दिसला. माझ्या कागदावर काहीच नाही: मला वाटतं मॉड्रिचची मान आधी वर झाली आणि ती पाहून रेबिच पळाला. पाऊण तास आम्ही ती दोन सेकंदं पुढे-मागे करत होतो. कॅमेरा चेंडूवर आहे, रेबिच कडेने आत येतो तोवर त्याने दोन पावलं टाकलेली असतात. रकाना रिकामा ठेवला. मामा म्हणाला दुसऱ्या कॅमेऱ्यातनं मिळतंय का बघ, पुढच्या रविवारी परत लावू.