वजनाआधी कंबर मोजा

पोट सुटले की वस्तीत कौतुकाने म्हणतात, "अंगाला लागलंय!" आपल्या आजी-आजोबांनी उपासमार सोसली, म्हणून भरलेल्या अंगाचे अप्रूप आपल्याला वाटते. पण आज शीळफाट्याला वाढणारे पोट सुबत्तेचे नाही. नाक्यावरचा वडापाव, चायनीजची गाडी, पाच-दहा रुपयांची पाकिटे आणि दिवसभराचा गोड चहा यांचे ते आहे. डाळ, अंडी, भाजी महाग. तेल, मैदा, साखर स्वस्त.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशातल्या २०.६ टक्के स्त्रियांचे वजन जास्त होते; २०१९-२१ मध्ये २४ टक्के. पुरुषांत हे प्रमाण १८.९ वरून २२.९ टक्क्यांवर गेले.

"आम्ही तर बारीक आहोत," असे म्हणून निश्चिंत राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. पण चरबी मोजली तेव्हा याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के निघाली, युडकिनांच्या ९.१ टक्के. केईएमने पुण्याजवळच्या खेड्यांतही पाहिले, की आपली बाळे जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबी तुलनेने जास्त असते. पोटात असताना ज्याची उपासमार झाली, त्याला पुढे पोट सुटले तर मधुमेहाचा धोका अधिक. म्हणून गरोदर सुनेच्या, लेकीच्या ताटात डाळ-अंडे आधी वाढा.

कंबर मोजायला शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. स्त्रियांत ८० सेंटिमीटर (साडेएकतीस इंच) आणि पुरुषांत ९० सेंटिमीटर (साडेपस्तीस इंच) याहून जास्त भरली, तर सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. तिशीनंतर तर ही तपासणी प्रत्येकाने करावी. ती तिथे मोफत होते.

घरात चौघे असतील तर महिन्याला दोन लिटर तेल पुरवा. चहातली साखर निम्मी करा. पाकिटाऐवजी मुलांना चणे-शेंगदाणे, उकडलेले अंडे द्या. सुकट-बोंबील सोडू नका, फक्त तेल कमी घाला. कल्याण-शीळ रस्त्यावर गाड्यांमुळे चालणे अवघड. मग वंदनेनंतर विहाराच्या आवारात सगळ्यांनी मिळून अर्धा तास चालावे.

कोसलचा राजा प्रसेनजित अति जेवून धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला उपवास सांगितला नाही. मात्रा ओळखून जेवायला सांगितले. राजाने जेवण हळूहळू कमी केले आणि अंग हलके झाले. आपणही तसेच करू. येत्या पौर्णिमेला विहारात येताना टेप घेऊन या.