शिवसुमनाला पाणी कधी द्यायचे?

पावसाळा सरला की काही आठवड्यांत शिवसुमनाची पाने पिवळी पडून गळू लागतात. कुंडीत उरतात त्या बोटाएवढ्या जाडीच्या, आडव्या लोळणाऱ्या मांसल कांड्या. झाड मेले या भीतीने हौशी माणूस रोज पाणी घालू लागतो आणि थोड्याच दिवसांत कांडी बुडाशी मऊ पडून कुजते.

शिवसुमन (फ्रेरिया इंडिका) हे रुईच्या कुळातले. जगात ते फक्त महाराष्ट्रात, शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा ठिकाणच्या कड्यांवर कातळाच्या खाचांत रुजते. लोक त्याला शिंदळ माकुडी म्हणतात. शास्त्रीय नावातला ‘फ्रेरिया’ आला तो 1862 ते 1867 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रिअर यांच्यावरून. मला तरी शिवसुमन हेच नाव त्याला शोभते असे वाटते.

त्याच्या जवळच्या नातलगांना, उदाहरणार्थ माकडशिंगीला, नावापुरतीच पाने असतात. याला मात्र चांगली रुंद पाने येतात. ओटो लांगे आणि मार्गिट झुबर यांनी 1977 मध्ये दाखवून दिले की या एकाच झाडात अन्न बनवण्याच्या दोन रीती नांदतात. पाने भातागव्हासारखी दिवसा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. त्यात पाणी भरपूर उडते, पण पावसाळ्यात त्याची फिकीर कोणाला! कांडी निवडुंगासारखी वागते. तिची रंध्रे उघडतात रात्री, हवा गार असताना. आत आलेला वायू आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा रंध्रे मिटून, उन्हाच्या बळावर त्याची साखर होते. पाने गळाली की सगळा संसार या कांडीवर. पाणी जपूनच ती कोरडे महिने काढते. अशा वेळी मुळाशी ओल साचली तर तिला ती सोसत नाही.

लावायचे असेल तर रोपवाटिकेतल्या रोपाची बोटभर कांडी घ्यावी. गडावरची तोडू नये, तिथे मुळातच फार थोडी उरली आहेत. काप सावलीत चार-पाच दिवस सुकू द्यावा. मुरूम आणि जाड वाळू निम्म्याहून अधिक, थोडे पानखत. टांगती कुंडी उत्तम, कारण कड्यावरही ते लोंबतच वाढते. पानांवर असताना पाणी द्यावे, पाने झडू लागली की हात आखडावा.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात पिवळे ठिपके असलेली किरमिजी, चांदणीसारखी फुले येतात. रुईप्रमाणेच यांचेही पराग सुटे नसतात, पुडक्यांत बांधलेले असतात. ती पुडकी माश्या वाहून नेतात. शेंग धरली, तर तडकल्यावर आतून रेशमी झुपक्यांच्या ‘म्हाताऱ्या’ उडतात आणि एखादी दुसऱ्या खाचेत जाऊन अडकते.