आधी लखलखाट, मग गडगडाट

किनवट तालुक्यातील इस्लापूर पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्यामुळे प्रवाशांस परिचित आहे. धबधबा पाहावा तो पावसाळ्यात. परंतु या भागातील आकाश अधिक उग्र होते ते त्यापूर्वी, मृगाच्या तोंडावर. दिवसभर भाजून काढणारे ऊन, तिसऱ्या प्रहरी क्षितिजावर चढलेला काळा ढग, धुळीचा लोट आणि मग कडकडाट. नेमकी याच दिवसांत शेते माणसांनी भरलेली असतात आणि सर आली की ही माणसे बांधावरच्या कडुनिंबाखाली धावतात.

ढगावर ढग आपटून गडगडाट होतो, ही समजूत अद्याप पुष्कळांच्या मनात आहे. टक्कर होते खरी, पण ढगाच्या पोटात. तापलेल्या जमिनीलगतची दमट हवा वर चढते. बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता तिला आणखी वर ढकलते आणि ढग बारा-पंधरा किलोमीटर उंची गाठतो. तेथील गोठवणाऱ्या थंडीत हलके हिमकण आणि जड, मऊ गारा एकमेकांवर आदळतात. सामान्यतः हिमकण धनभार घेऊन वर जातात, गारा ऋणभारासह खाली राहतात. हा ऋणभार टप्प्याटप्प्याने जमिनीकडे उतरू लागला की उंच वस्तूंच्या टोकांतून धनभार त्यास सामोरा जातो. दोहोंची भेट म्हणजे वीज. त्या क्षणी वाटेतील हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, आणि स्फोटासारखी फाकते. तोच गडगडाट.

आवाजाला एक किलोमीटर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. लखलखाटानंतर नऊ आकडे मोजले तर वीज तीन किलोमीटरवर पडली, हे शाळकरी मुलासही सांगता येईल. तथापि, या गणितावर विसंबून निर्धास्त राहणे घातक आहे. पुढची वीज कित्येक किलोमीटर अलीकडे पडू शकते. गडगडाट कानी आला, याचाच अर्थ आपण तिच्या टप्प्यात आहोत.

पायाळू माणसावर वीज पडते, असे आपल्याकडे मानतात. वीज जन्म पाहत नाही, उंची पाहते. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून उतरून जमिनीत पसरते; पुढच्या व मागच्या पायांत अंतर असल्याने झाडाखाली बांधलेला बैल माणसाहूनही सहज दगावतो. पक्के घर किंवा बंद मोटारगाडी हाच खरा आसरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास तेथेच थांबावे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात विजेने २,८८७ माणसे मेली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ या मोबाइल अॅपद्वारे विजेची पूर्वसूचना देण्याची सोय केली आहे. काम स्तुत्य आहे. पण खुरपणीस गेलेल्या बाईच्या कमरेला विळा असतो, फोन असेलच असे नाही. कान मात्र तिला आहेत. पहिल्या गडगडाटाला हातातले काम टाकून ती गावाकडे निघाली, तर त्या दिवसाची तिची मजुरी कोण देणार, हे मृगापूर्वीच ग्रामसभेत ठरले पाहिजे.